रेघ ओढायची नसते, ठोकायची असते

तुमचा प्रश्न असा आहे: नोकरीमुळे तुम्ही दोन वर्षं दक्षिण कोरियात सुवोनला राहताय, त्याआधी बिदरला जाऊन बिदरीचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण घेतलंत. सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात तंबाखूची एक काळी लोखंडी डबी पाहिलीत, तिच्यावर चांदीची नक्षी होती, आणि मनात आलं की ही तर आपली बिदरीच. हे कोरियन काम नेमकं काय, ते बिदरीहून वेगळं कुठे, 'ही सगळी चीन-जपानची नक्कल' असं तुमचे सहकारी म्हणाले त्यात तथ्य किती, आणि शिकायचं झालं तर सुरुवात कशी करावी, असं तुम्ही विचारलंय.

मी अठ्ठावीस वर्षं चांदीवर उठावाचं आणि खोदकामाचं काम करतो. प्रभावळी, मखरं, पादुका, देव्हाऱ्यांची दारं. बारा वर्षांपूर्वी सोलमध्ये एका कारागिराच्या कार्यशाळेत चार महिने बसून शिकलो आणि नंतर दोनदा पुन्हा गेलो. मी त्या परंपरेत वाढलेलो नाही, पण छिन्नी-हातोडीची भाषा मला कळते आणि ते काम मला मनापासून आवडतं. त्या नात्याने सांगतो.

डबीपासूनच सुरुवात करू. ती बिदरी नाही. दिसायला सख्खी बहीण वाटते, पण घडण वेगळी. बिदरीचं भांडं जस्ताचं, त्यात थोडं तांबं. ते साच्यात ओततात. मोरचुदाचं पाणी लावून तात्पुरतं काळं करतात, म्हणजे कोरताना रेघ उजळ दिसते. मग खाच कोरून तिच्यात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर घातलेल्या गरम पाण्याने जस्त कायमचं काळं पडतं आणि चांदी तशीच पांढरी राहते. हे सगळं तुम्ही स्वतः केलंय. त्या डबीत मात्र ओतकाम नाही, खाच नाही, नवसागरही नाही. ती लोखंडी पत्र्याची आहे, आणि चांदी तिच्या अंगात नाही, अंगावर बसलेली आहे.

धातूवर धातू जडवण्याच्या या कामाला कोरियनमध्ये इप्सा म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ 'धागा आत घालणे'. त्याच्या दोन पद्धती आहेत. एक कीउम इप्सा: खाच कोरायची, खाचेचा तळ थोडा रुंद करायचा, तार ठेवायची आणि ठोकायची, की कडा तिला धरून ठेवतात. ही तुमच्या ओळखीची. दुसरी जोउम इप्सा. जोउम म्हणजे पक्ष्याने चोचीने टोचावं तसं टोचणं. मला हा शब्द समजावून सांगितला तेव्हा लगेच आमच्या घरचा पाटा आठवला. पाटा गुळगुळीत झाला की टाकारी यायची आणि त्याला टाकी लावून द्यायची. जोउम म्हणजे लोखंडाला टाकी लावणं, फक्त पाट्याच्या कितीतरी पट बारीक.

कृती अशी. लोखंडाचा पत्रा राळेवर, म्हणजे ठोकताना तो धरून ठेवणाऱ्या चिकट थरावर, पक्का बसवायचा. चपट्या धारेच्या छिन्नीने आधी आडवे घाव, मग त्यावर उभे, मग दोन्ही बाजूंनी तिरपे. चार दिशा पूर्ण झाल्या पाहिजेत. घाव इतके जवळ असतात की नुसत्या डोळ्यांना पृष्ठभाग जरा मळकट, मखमलीसारखा दिसतो. भिंगाखाली धरला तर लोखंडाचे उभे राहिलेले बारीक काटे दिसतात. त्या काट्यांवर शुद्ध चांदीची तार किंवा पातळ पत्र्याचं कापलेलं पान ठेवायचं आणि छोट्या हातोडीने हलक्या हाताने बसवायचं. मऊ चांदी काट्यांत शिरते, काटे वाकून तिला पकडतात. ना डिंक लागतो, ना डाग, म्हणजे झाळण. चांदी शुद्धच लागते. ९२.५ टक्क्यांची दागिन्यांची चांदी वापरून पाहिली तर ती काट्यांत शिरायच्या ऐवजी त्यांनाच आडवं करते आणि दुसऱ्या दिवशी नखाने निघते. मी हे करून पाहिलंय, म्हणून सांगतो.

चांदी बसली की नक्षीबाहेरचे उरलेले घाव दाबून सपाट करायचे, ओपणीने घासायचं, आणि लोखंड तापवून त्यावर तेल आणि काजळी चढवायची, तीही एकदा नाही, अनेकदा. लोखंडाचा तो खोल, मऊ काळा रंग तिथून येतो. बिदरीचा काळा रंग निराळा, त्याच्यात एक कोरडी धार असते. दोन्ही वस्तू शेजारी ठेवल्या तर फरक लगेच कळतो.

जोउमचं खरं भावंड आपल्याकडे बिदरीत नाही, कोफ्तगारीत आहे. राजस्थान-पंजाबात तलवारींच्या मुठींवर आणि ढालींवर सोन्या-चांदीची नक्षी करतात ती हीच कल्पना. आपल्या संग्रहालयांतल्या जुन्या तलवारींच्या मुठी पाहिल्यात तर तिथेही ती भेटेल. फरक हत्याराचा आहे. कोफ्तगार पोलादावर सुरीने ओरखडे काढतो, कोरियन कारागीर छिन्नी ठोकतो. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण हातात घेतल्यावर सगळं कामच बदलतं.

बिदरीशी त्यांचं नातं सापडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. तांब्यात थोडं सोनं मिसळून एक मिश्रधातू करतात, त्याला ओदोंग म्हणतात. कोरलेल्या रेघांत चांदी भरली की वस्तूवर मूत्रात भिजवलेला हातकागद लावून ऊब देत, आणि तांबं कावळ्याच्या पंखासारखं निळसर काळं होई. काम करतो तो मूत्रातला अमोनिया. नवसागर हाही अमोनियाचाच क्षार. म्हणजे एकाने किल्ल्यातली माती आणि नवसागर वापरला, दुसऱ्याने मूत्र, आणि दोघांनी चांदीला धक्का न लावता शेजारचा धातू काळा करण्याची युक्ती साधली. कंबरेला लावायच्या छोट्या कट्यारी आणि तंबाखू ओढायच्या लांब नळ्यांवर ओदोंगचं काम दिसतं. मला ते लोखंडी कामाइतकंच प्रिय आहे.

आता कोरीवकाम, म्हणजे जोगाक. जुने कारागीर त्याला जोई म्हणत. सपाट रेघ कोरणं, जाळी कापणं, उठाव काढणं, दोन्ही बाजूंनी ठोकून जवळजवळ मूर्तीसारखा आकार आणणं आणि जडाव, अशी त्यात पाच प्रकारांची कामं धरतात. जाळीकाम आणि उठाव तुम्हाला परके वाटणार नाहीत. पत्रा राळेवर घेऊन मागून फुगवायचा, उलटा करून पुढून बारकावे काढायचे, हे आपण प्रभावळीवर रोज करतो. त्यांची राळही आपल्यासारखीच, पाइनच्या चिकात माती आणि तेल. तिला गामतांग म्हणतात. आपण विटकर घालतो, ते पिवळी माती घालतात, एवढाच फरक. त्यात वेळ घालवत नाही.

खरी गोष्ट सपाट रेघेची आहे. आपल्याला वाटतं रेघ म्हणजे रेघ. तिथे शिकलो की रेघा निदान दोन जातींच्या असतात. पहिली मोजो, म्हणजे केसासारखी. यात छिन्नीची अणकुचीदार धार धातू कापत पुढे जाते आणि पुढ्यात बारीक कुरळा कीस निघतो. दुसरी चुकजो. यात धातू कापतच नाहीत. छिन्नी जराशी तिरकी धरून एक ठोका, किंचित पुढे सरकून दुसरा ठोका. प्रत्येक ठोक्याला एक इवलासा त्रिकोणी दाब उमटतो, एका टोकाला खोल आणि दुसऱ्या टोकाला उथळ. हातभर अंतरावरून अखंड रेघ दिसते, जवळून पाहिली तर ती ज्वारीच्या दाण्यांच्या ओळीसारखी एकामागे एक बसलेल्या खुणांची माळ असते. धातू कुठेही कमी होत नाही, त्यामुळे पातळ पत्र्यावर आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या वस्तूंवर ही पद्धत फार सोयीची.

आणि चुकजोमध्ये चूक लपत नाही. कापलेल्या रेघेत हात थरथरला तर पुढच्या फेरीत थोडं खोल घेऊन झाकता येतं. ठोक्यांच्या माळेत एक ठोका जड पडला किंवा अंतर वाढलं की तो दाणा कायमचा वेगळा दिसतो. माझे गुरुजी वस्तू हातात घेण्याआधी काम करणाऱ्याचा आवाज ऐकायचे. पाठ करूनच बसायचे. ठोक्यांचा ताल तुटला की न वळता म्हणायचे, 'तिथे बघ'. आणि तिथेच बिघडलेलं असायचं.

सहाव्या-आठव्या शतकांतले कारागीर या रेघेत कुठवर गेले होते ते पाहिल्याशिवाय हे काम कळत नाही. तीन वस्तू सांगतो.

पहिली गोंगजूची. बेकजे या जुन्या कोरियन राज्याचा राजा मुर्योंग याची कबर १९७१ मध्ये तिथे सापडली. चोरांचा हात न लागलेली. राणीच्या अंगावर चांदीची कांकणं होती, त्यांच्या आतल्या बाजूला कोरलंय की इसवी सन ५२० मध्ये दारी याने ही राणीसाठी घडवली. कारागिराचं नाव! आपल्याकडे ताम्रपटांच्या शेवटी कोरणाऱ्याचं नाव येतं ते आठवा. कांकणाच्या बाहेरच्या बाजूला ड्रॅगन आहेत, सगळे तेच पाहतात. मी मात्र आतल्या अक्षरांपुढे बराच वेळ उभा होतो. चौदाशे नव्वद वर्षांहून जुना हात, आणि अक्षराच्या शेवटी छिन्नी कशी उचलली तेही कळत होतं. याच कबरीतला कांस्याच्या बैठकीवरचा चांदीचा प्यालाही चुकवू नका, कमळं आणि पक्षी अतिशय बारीक रेघेत आहेत.

दुसरी ग्योंगजूची. सिल्ला या दुसऱ्या जुन्या कोरियन राज्याच्या राजवाड्यातलं वोल्जी नावाचं तळं आहे, तिथल्या उत्खननात मेणबत्तीची वात कातरायची सोनेरी मुलाम्याची कात्री मिळाली. साडेपंचवीस सेंटिमीटर लांब. कापलेली वात खाली पडू नये म्हणून पात्यांना अर्धगोल कठडे आहेत. तिच्या वेलबुट्टीमागची सगळी जमीन इवल्या वर्तुळांनी भरलेली आहे, माशांच्या अंड्यांसारखी. या भरावाला ओजामुन, म्हणजेच मत्स्यअंडी नक्षी म्हणतात. पोकळ टोकाची छिन्नी, एका वर्तुळाला एक ठोका. वर्तुळं एकमेकांना चिकटूनही चालत नाहीत आणि त्यांच्यात फट राहूनही चालत नाही. मी पहिल्यांदा हे काम तळहाताएवढ्या चांदीच्या पत्र्यावर केलं तेव्हा राळेत हवेचा बुडबुडा राहिला होता. त्या जागेवर पोचलो आणि पत्रा आत बसला, चार वर्तुळं फाटली. अकरा दिवसांचं काम होतं. तेव्हापासून पत्रा राळेवर बसवल्यावर बोटाच्या पेराने सगळीकडे टिचकी मारून पोकळ आवाज येतो का ते बघितल्याशिवाय छिन्नी उचलत नाही. ही सवय तुम्हीही लावून घ्या.

तिसरी त्याच परिसरातली. २०१६ मध्ये तिथल्या मातीत सोन्याच्या पत्र्याचे चुरगळलेले दोन तुकडे मिळाले, एकमेकांपासून सुमारे २० मीटर दूर. उलगडल्यावर ते एकाच वस्तूचे निघाले, आणि २०२२ मध्ये ती वस्तू जाहीर झाली. रुंदी ३.६ सेंटिमीटर, उंची १.१७ सेंटिमीटर, जाडी ०.०४ मिलिमीटर, सोनं ०.३ ग्रॅम. एवढ्याशा जागेत दोन पक्षी आणि त्यांच्याभोवती फुलं कोरलेली. रेघा ०.०५ मिलिमीटरहून बारीक, म्हणजे केसापेक्षाही. आठव्या शतकातलं काम. भिंग नसताना हे कसं केलं असेल याचा विचार करत मी एक अख्खा दिवस घालवलाय. इतक्या पातळ सोन्यावर हातोडी चालत नाही. तिथे फक्त मनगटाचा दाब, आणि तो दाब फुलाच्या पाकळीभर फिरेपर्यंत बदलायचा नाही. हे काम मला जमणार नाही, आणि माझ्या ओळखीत ज्याला जमेल असा माणूसही नाही.

आता नक्कलेचा मुद्दा. मत्स्यअंडी नक्षी इराणच्या बाजूने चीनच्या तांग दरबारात आली आणि तिथून सिल्लात, हे खरं आहे. तशीच कात्री जपानच्या नारा शहरातल्या शोसोइन भांडारातही आहे. पण नारा प्रांतातल्याच तेनरी गावी इसोनोकामी मंदिरात सात फांद्यांची एक लोखंडी तलवार जपून ठेवलेली आहे, सुमारे ७५ सेंटिमीटर लांब, तिच्यावर साठहून जास्त अक्षरं सोन्याच्या तारेने जडवलेली. ती बेकजेहून जपानच्या राजाला आली. म्हणजे कारागिरी पश्चिमेकडून कोरियात आली तशी कोरियातून पूर्वेकडेही गेली. छिन्नी धरणारा माणूस जिथे काम मिळेल तिथे जातो, आणि शेजाऱ्याचं चांगलं दिसलं तर उचलतो. यात नक्कल शोधायची तर आपली बिदरीही इराणहून आलेल्या कारागिरांची म्हणतात, म्हणून काय ती बिदरची राहत नाही?

कोरियन हाताचं वेगळेपण मला दिसतं ते मोकळ्या जागेत. गोर्यो काळातली, म्हणजे बाराव्या शतकाच्या आसपासची, पाण्याची एक कांस्य सुरई राष्ट्रीय संग्रहालयात आहे. उंची साडेसदतीस सेंटिमीटर. तिच्यावर खाच कोरून बसवलेल्या चांदीच्या तारेने तळ्याकाठचं दृश्य आहे: झुकलेले विलो, पाणपक्षी, बोटीतली माणसं. कांस्यावर हिरवं चढलंय आणि चांदीची रेघ त्या हिरव्यावर उभी आहे. निम्मं अंग रिकामंच सोडलंय, आणि ते रिकामेपण पाणी वाटतं. गोर्योच्या प्रसिद्ध फिकट हिरव्या चिनी मातीच्या भांड्यांवर पांढरी नक्षी जडवलेली असते, तिच्यामागे हे धातूचं काम असावं असं पुष्कळ अभ्यासक मानतात, आणि सुरई पाहिली की ते पटतं. मिर्यांगच्या प्योचुंगसा मठातलं ११७७ सालचं धूपपात्रही याच जातीचं, साडेसत्तावीस सेंटिमीटर उंच. त्याच्यावर काम करणाऱ्याने काठावर संस्कृत अक्षरं चांदीत जडवली आहेत. आपल्या लिपीची ती लांबची नातेवाईक अक्षरं तिथे अचानक समोर आली तेव्हा मला भरून आलं.

पुढे गोर्योनंतरच्या जोसोन राजवटीच्या काळात बौद्ध विधींच्या भांड्यांची मागणी ओसरली आणि दिवाणखान्यातल्या वस्तू वाढल्या: शेगड्या, कुलपं, रिकिबी, मेणबत्तीचे स्टँड. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तंबाखू आली आणि तिच्याबरोबर डब्या. सगळं लोखंडाचं, म्हणून जोउम. नक्षी बहुतेक दीर्घायुष्याची: सूर्य, डोंगर, पाणी, पाइन, कासव, सारस, हरीण. वटवाघूळ दिसलं तर दचकू नका. त्याच्या चिनी अक्षराचा उच्चार 'बोक' असा होतो, आणि 'भाग्य' या अक्षराचाही तोच. आणखी एक वस्तू मिळाली तर जरूर पाहा: सा-इन नावाची तलवार. वाघाचं वर्ष, वाघाचा महिना, वाघाचा दिवस आणि वाघाचा प्रहर असा योग बारा वर्षांनी येतो, तेव्हाच ती घडवत. पात्यावर अठ्ठावीस नक्षत्रं जडवलेली. ती लढाईसाठी नव्हती, अमंगल दूर ठेवायला होती. नक्षत्रं अठ्ठावीस पाहून मला अभिजित आठवलं.

हे काम टिकलं कसं, हेही तुम्हाला माहीत असलेलं बरं, कारण शिकवणारे शोधताना त्याचा उपयोग होईल. १४८५ साली अमलात आलेल्या जोसोनच्या राज्यसंहितेत जडावकार हे सरकारी कारागिरांत नोंदलेले आहेत. राज्य गेलं, जपानी अंमल आला, आणि दुसऱ्या महायुद्धात घरोघरचे पितळी वाडगे आणि चमचेसुद्धा शस्त्रांसाठी जप्त झाले. धातूकाम करणाऱ्यांची पिढीच उखडली. १९६२ मध्ये वारसा संरक्षणाचा कायदा झाला. त्याखाली १९७० मध्ये धातू-कोरीवकाम, म्हणजे जोगाकजांग, राष्ट्रीय यादीत आलं. पहिले मान्यताप्राप्त कारागीर किम जोंग-सोप, त्यांच्यानंतर १९८९ मध्ये त्यांचे चिरंजीव किम चोल-जू. जडावाचं काम, इप्साजांग, १९८३ मध्ये यादीत आलं, तेव्हा यी हाक-उंग यांना मान्यता मिळाली. त्यांच्या शिष्या होंग जोंग-शिल यांना १९९६ मध्ये ती मान्यता मिळाली. त्यांचं शिक्षण आधुनिक कलाशाळेतलं. हरवत चाललेलं काम त्या शोधत गेल्या, वृद्ध गुरूंकडे बसल्या, आणि त्यांनी ते पुढे नेलं. घराण्यातली नसलेली एक बाई हे करू शकली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि तुमच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे.

आता शिकण्याचं. मान्यताप्राप्त परंपरेत शिरणं म्हणजे वर्षानुवर्षांची बांधिलकी, तीन-चार तासांच्या रविवारच्या वर्गाने ते होत नाही. पण सोलमध्ये आणि आसपास कार्यशाळा घेणारे, परंपरेत शिकलेले कारागीर आहेत. कोरियन भाषा कामापुरती तरी शिका. मी खुणांनी शिकलो आणि त्यात निम्मं हातातून निसटलं. गुरू निवडताना एकच बघा: ते तुम्हाला छिन्नी विकत घ्यायला सांगतात की करायला सांगतात. पहिल्या दिवशी तयार संच हातात देणाऱ्याकडे वस्तू करायला शिकाल, काम शिकणार नाही.

तोवर घरी काय करायचं ते सांगतो. एक मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा घ्या. चांदीला हात लावू नका. पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करा, राळेवर बसवा. छिन्न्या जुन्या कानशीच्या पोलादाच्या करा. आकार देऊन झाला की टोक लालभडक तापवून तेलात बुडवा. मग घासून उजळ करा आणि पुन्हा हळूहळू ऊब द्या. टोकाकडे वाळलेल्या गवताचा फिकट पिवळा रंग आला की लगेच थंड करा. पाणी पाजताना हा रंग चुकला, निळ्यावर गेला, तर धार दुमडते. रंग यायच्या आधीच थांबलात तर ती तुकडा होऊन उडते. डोळ्यांना चश्मा हवाच, हे मी सवयीने सांगत नाही, गरजेने सांगतोय.

हातोडी हलकी, शंभर ग्रॅमच्या आसपासची, दांडा बारीक आणि लवचिक. नजर छिन्नीच्या टोकावर, हातोडीवर कधीच नाही. छिन्नी अंगठा आणि दोन बोटांत, करंगळी आणि अनामिका पत्र्यावर टेकलेल्या. त्या दोन बोटांनीच रेघ सरळ राहते. दहा सेंटिमीटरची रेघ चुकजो पद्धतीने ठोका, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. पत्रा भरला की उलटा करा. सरळ रेघ जमली की रुपयाच्या नाण्याएवढं वर्तुळ. वर्तुळात छिन्नी फिरवायची नाही, पत्रा फिरवायचा. बिदरीत तुम्हाला खाच कोरायची सवय लागलीय, त्यामुळे हात आपोआप ढकलायला जाईल. पहिले काही आठवडे ते सारखं होईल. ढकललं की कोपर ताठ होतं, तेच ओळखायचं लक्षण. मी स्वतः पहिले सहा आठवडे रेघांखेरीज काहीही केलं नाही आणि त्याचा मला आजही उपयोग होतो. आमच्याकडे येणाऱ्या मुलांनाही आता मी प्रभावळीची वेल देण्याआधी हेच देतो.

जोउम त्यानंतर. सौम्य लोखंडाचा पत्रा, हाताच्या नखाएवढी जागा, चार दिशांचे घाव. चांदीची तार ठेवून बसवा आणि टोकाला सुई घालून उचलून बघा. उचलली गेली तर घाव उथळ आहेत किंवा धार बोथट झालीय. दर शे-दीडशे घावांनंतर धार लावावी लागते. याचा कंटाळा करणाऱ्याच्या हातून चांदी टिकत नाही.

राळेबद्दल एक. सुवोनचा हिवाळा उणे दहाच्या खाली जातो, तेव्हा राळ काचेसारखी तडकते. तेल थोडं वाढवा. जुलै-ऑगस्टच्या दमट उन्हाळ्यात तीच राळ ढिली पडते आणि पत्रा ठोक्याबरोबर खाली जातो. तेव्हा मातीचं प्रमाण वाढवा. उकळती राळ हातावर पडली तर ओढून काढू नका, थंड पाण्याखाली धरा.

दुकानात हाताचं काम ओळखायचं असेल तर दहापट दाखवणारं भिंग जवळ ठेवा. लेझरने केलेल्या रेघेचा तळ सपाट, रुंदी सगळीकडे सारखी आणि रेघेचं टोक बोथट. ओतीव नकलेत कडा गोल आणि लोण्यासारख्या मऊ. छिन्नीच्या रेघेत बारीक पैलू चमकतात, आणि शेवटी ती निमुळती होऊन संपते, कारण हात उचलला गेलेला असतो.

येत्या सुट्टीत पुन्हा संग्रहालयात गेलात तर त्या तंबाखूच्या डबीसमोर थोडं वाकून, दिव्याचा उजेड तिरपा पडेल अशा बाजूने बघा. अशा डब्यांच्या झाकणाच्या कडेला, जिथे शंभर वर्षं माणसांचे अंगठे लागले, तिथली चांदी बहुधा झिजून निघालेली असते. ती निघालेली जागा कोरी नसते. आडव्या, उभ्या, तिरप्या घावांची जाळी तिथे उघडी पडलेली दिसेल.